थरथरतं म्हणजे बिघडलंय का? लहान इंजिनांच्या कंपनामागची गोष्ट

नाशिकच्या शिंगाडा तलावाच्या बाजूला जुन्या गाडीचा सौदा होताना पाहिलंय का कधी? विकणारा गाडी चालू करून ठेवतो. घेणारा बॉनेटखाली डोकावतो, मग मागे येऊन स्टिअरिंगवर तळहात टेकवतो. हाताला मुंग्या आल्या की तोंडातून प्रश्न निघतोच: "तीन सिलिंडरचं आहे का? टिकेल ना?" विकणारा म्हणतो, "तीन सिलिंडर म्हटल्यावर थरथरणारच." प्रश्न टिकण्याचा होता आणि उत्तर थरथरण्याचं मिळालं, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

या दोन गोष्टींची गाठ आपल्या डोक्यात फार घट्ट बसली आहे. खरं तर नाशिक जिल्ह्यात तरी ती बसायला नको होती. विहिरीच्या काठावरचं ऑइल इंजिन ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे की एका सिलिंडरचं ते धूड पायाखालची जमीन हलवतं, पत्रे वाजवतं, आणि तरी वर्षानुवर्षं द्राक्षाला आणि कांद्याला पाणी देत राहतं. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट. मधल्या काळात चाक फिरतं ठेवायचं काम त्या जड फ्लायव्हीलचं. त्याची धडधड हा बिघाड नसतो. त्याच्या घडणीतच ती असते.

तीन सिलिंडरचंही तसंच आहे. पिस्टनची वर-खाली चाल फिरकीत बदलणाऱ्या क्रँकशाफ्टवर तिन्ही पिस्टनच्या जागा १२० अंशांच्या अंतराने असतात, त्यामुळे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या वजनांची बेरीज शून्य होते. इंजिन एकसंध वर-खाली उडत नाही. पण पहिला आणि तिसरा पिस्टन दोन टोकांना असतात आणि त्यांचे झटके वेगवेगळ्या वेळी पडतात, म्हणून सगळं इंजिन तराजूच्या दांडीसारखं आळीपाळीने टोकांवर झुलतं. दुसरी अडचण स्फोटांच्या अंतराची. चार सिलिंडरमध्ये अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, तीनमध्ये तो २४० अंशांनी होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सावकाश चालत असेल, तर चार सिलिंडरचे सेकंदाला साधारण २७ ठोके पडतात आणि तीनचे २०. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या रबराला जलद थरथर अडवणं सोपं जातं, संथ थरथर अडवणं अवघड. म्हणून हीच गाडी महामार्गावर गुळगुळीत वाटते आणि मायको सर्कलच्या सिग्नलला उभी राहिली की आरसा धूसर करते.

चार सिलिंडरचं इंजिनही काही संत नाही. पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात खालच्यापेक्षा जलद धावतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा इंजिनाला उभा धक्का बसतो. यावर फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उपाय काढला होता: इंजिनाच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन वजनदार शाफ्ट, म्हणजे बॅलन्सर शाफ्ट. ही कल्पना बराच काळ अडगळीत पडली आणि १९७५ मध्ये मित्सुबिशीने ती 'सायलेंट शाफ्ट' म्हणून पुन्हा बाजारात आणली. पुढे पोर्शसारख्या कंपनीनेही तिच्यासाठी मित्सुबिशीकडे परवाना मागितला.

इंजिनाची थरथर थांबवण्याऐवजी ती गाडीपर्यंत पोहोचूच द्यायची नाही, हा दुसरा रस्ता. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लिमथने चार सिलिंडरचं इंजिन रबरावर, त्याच्या स्वतःच्या झुलण्याच्या अक्षावर तोलून बसवलं आणि चार सिलिंडरच्या खर्चात आठ सिलिंडरची मऊ चाल अशी जाहिरात केली. फ्रान्समध्ये सित्रोएनने ते तंत्र विकत घेतलं आणि बोधचिन्हात चक्क तरंगणारा हंस टाकला. आपले मेकॅनिक ज्याला 'फाउंडेशन' म्हणतात, त्या रबरी माउंटिंगचा आजोबा हाच.

मग तीन सिलिंडर आले कुठून? इथे गोष्ट जर्मनीतून जपानला जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीकेडब्ल्यूने तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणलं आणि गाडीला नावच दिलं '३=६'. दावा अगदीच पोकळ नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून तीनाचे ठोके फोर-स्ट्रोकच्या सहाइतके पडतात. सुझुकीनेही १९६७ च्या 'फ्रोंटे' या गाडीत ३५६ सीसीचं तीन सिलिंडर टू-स्ट्रोक इंजिन मागच्या बाजूला बसवलं. १९७९ ची जपानी अल्टोदेखील टू-स्ट्रोकच होती. पण धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकला निरोप द्यावा लागला. सिलिंडर तीनच राहिले, ठोके मात्र निम्मे झाले. आज आपण ज्या थरथरीबद्दल कुरकुर करतो, ती मुळात या बदलात आली असं मला वाटतं.

आणि तीनच का, याचं उत्तर अभियंत्याआधी करखात्याकडे सापडतं. जपानमध्ये 'केई' वर्गाच्या गाड्यांना करात सूट होती, आणि त्यासाठी इंजिनाची मर्यादा आधी ३६० सीसी, १९७६ पासून ५५० आणि १९९० पासून ६६० सीसी. एवढ्याशा इंजिनात चार सिलिंडर करायचे तर प्रत्येक पिस्टन कपाएवढा होतो, घर्षण वाढतं, भिंतींतून उष्णता जास्त निसटते, आणि व्हॉल्व्ह, रिंगा, बेअरिंगं सगळं एकेका संचाने वाढतं. दोन केले तर थरथर सहन होत नाही. तीन हा मधला तोडगा. त्यातही मतभेद होते. १९७७ च्या डायहात्सू शरेडमध्ये ९९३ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाला बॅलन्सर शाफ्ट दिली होती. सुझुकीने ती दिली नाही. एक शाफ्ट वाचली की तिचे गिअर, तिची बेअरिंगं आणि तिच्यावर जाणारी ताकद सगळंच वाचतं.

तेच शाफ्ट नसलेलं इंजिन डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० मधून आपल्याकडे आलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्या वेळी रस्त्यावर १,०८९ सीसीची चार सिलिंडर पद्मिनी आणि १,४८९ सीसीची अँबेसेडर होती. उभ्या गाडीत पद्मिनी नक्कीच जास्त शांत. पण कसारा घाटात चित्र उलटायचं. नाशिककरांच्या एका पिढीला घाटातल्या वळणावर बॉनेट उघडून, ओला फडका आणि पाण्याचा कॅन घेऊन उभ्या असलेल्या गाड्या आठवत असतील. पद्मिनीचा रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला. चढावर ट्रकमागे रांगत असताना इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू, आणि वारा तर नाहीच. नेमकी जेव्हा गरज तेव्हा गारवा कमी. ८०० चं इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे पंखा विजेवर चालवणं भाग होतं. पाणी तापलं की तो इंजिनाच्या वेगाची पर्वा न करता पूर्ण जोराने फिरायचा. घाटातला भरवसा इथून आला. सिलिंडर किती आणि थरथर किती, याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

बाकीची कारणं तेवढीच साधी. हलकी गाडी, म्हणून इंजिनावर ताण कमी. भाग थोडे. घडणीतली मापं नेमकी. आणि सुटा भाग कळवणपासून येवल्यापर्यंत कुठेही मिळणार. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत २५ लाखांहून जास्त ८०० बनल्या. स्टिअरिंगवर हात ठेवून इंजिनाची किंमत करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

याचा अर्थ थरथर नेहमी निर्दोष असते असा नाही. मेकॅनिक तिच्यात फरक करतात, आणि तो फरक शिकण्यासारखा आहे. जन्मजात थरथर सारखी असते, तालात असते. 'मिसिंग' मारणारं इंजिन मात्र मधेच अडखळतं, आणि तीन सिलिंडरमध्ये एक पडला की ताकदीचा तिसरा हिस्सा जातो, त्यामुळे तो हिसका चारपेक्षा जास्त जाणवतो. कार्बोरेटरच्या काळात प्लगची वायर एकेक करून काढायची आणि कोणती काढल्यावर आवाज बदलत नाही ते बघायचं, एवढीच तपासणी. फाउंडेशनचं रबर दबलं असेल तर गिअर टाकताना आणि क्लच सोडताना 'धप' असा आवाज येतो. एसी लावल्यावर फेऱ्या पडतात आणि सावरत नाहीत, तर दोष आयडलिंगमध्ये, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या संथ चालीत. एप्रिल २००० च्या प्रदूषण नियमांनंतर कार्बोरेटर मागे पडून इंधन इंजेक्शन आलं आणि हे सावरण्याचं काम संगणकाकडे गेलं. स्क्रू पिळून आयडलिंग बसवणारे हात त्यानंतर हळूहळू रिकामे झाले.

मधल्या काळात लहान गाडीनेही चार सिलिंडरची चैन करून पाहिली. १९९३ ची झेन ९९३ सीसीत, १९९८ ची सँट्रो ९९९ सीसीत, दोन्ही चार सिलिंडर. त्या काळात चालवायला शिकलेल्यांचे हात बिघडले ते बिघडलेच. त्यांना आजही तीन सिलिंडर टोचतात. उलट टोकाला २००९ मध्ये रस्त्यावर आलेली नॅनो होती. ६२४ सीसी, दोनच सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. तिथे बॅलन्सर शाफ्टशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि टाटांनी ती दिली.

२००६ चा अर्थसंकल्प हा आपल्याकडचा खरा वळणबिंदू. चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत, अशा गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. जपानने सीसीवर रेघ मारली होती, आपण सीसीसोबत लांबीवरही मारली. याचा परिणाम सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच कुठे दिसला असेल. नाशिकला २००७ पासून बनणारी लोगन सव्वाचार मीटरची, म्हणजे रेघेच्या बाहेर. तिची व्हेरिटो झाली आणि २०१३ मध्ये डिकी छाटून व्हेरिटो व्हाइब काढावी लागली. त्याआधी २०१२ मध्ये झायलोची शेपूट कापून क्वांटो झाली होती, तिच्यात १,४९३ सीसीचं तीन सिलिंडर डिझेल. २०१९ च्या एक्सयूव्ही३०० चा मूळ कोरियन सांगाडाही चार मीटरच्या आत आणला गेला, पेट्रोल इंजिन १.२ लिटर, तीन सिलिंडर.

पण सगळ्यात जास्त चर्चा झाली बोलेरोची. २०१६ पर्यंत बोलेरो म्हणजे अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल. त्या वर्षी पॉवर प्लस आली: लांबी ३,९९५ मिलिमीटर, इंजिन दीड लिटर, सिलिंडर तीन. ताकद ६३ वरून ७० अश्वशक्ती झाली, तरी पेठ-सुरगाण्याच्या बाजूला जुन्याच इंजिनावर जीव असणारे बरेच निघाले. "एक भांडं कमी केलं" ही तक्रार मी कितीदा ऐकली असेल. डिझेलमध्ये दाब जास्त म्हणून प्रत्येक ठोका जड, त्यामुळे एक सिलिंडर कमी झालेला पेट्रोलपेक्षा जास्त कळतो. त्यावर उतारा कॉमन रेल या इंधन फवारण्याच्या पद्धतीचा: मुख्य इंधन फवारण्याआधी थेंबभर इंधन आधी सोडायचं, म्हणजे दाब एकदम न वाढता चढत जातो आणि ठोक्याची धार बोथट होते. हे काम करणारे इंजेक्टर आणि नोझल बनवणारा कारखाना त्याच सातपूरमध्ये आहे, ज्याच्या जुन्या नावावरून चौकाला मायको सर्कल म्हणतात.

अलीकडे थरथर झाकण्याच्या युक्त्या वाढल्या आहेत, आणि माझी शंका तिथेच आहे. फोर्डने २०१३ च्या इकोस्पोर्टमधल्या एक लिटर टर्बो इंजिनाला बॅलन्सर शाफ्ट दिली नाही. फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असंतुलित ठेवून झुलणं वर-खाली होण्याऐवजी बाजूला वळवलं, जिथे माउंटिंग ते सहज गिळतं. फार हुशार काम. आवाज कमी करायला त्याच इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट तेलात भिजणारा घातला, आणि युरोपात पुढे तोच दुखणं ठरला: बेल्टचे कण तेलाच्या जाळीत अडकायचे आणि तेलाचा दाब पडायचा. नंतरच्या आवृत्तीत चेन आली. इंजिन थरथरत नव्हतं, तरी धोक्यात होतं. दोन भागांत बनलेलं फ्लायव्हील, द्रव भरलेली माउंटिंगं यांचंही तसंच. चाल मऊ होते, आणि बदलायची वेळ आली की साध्या रबराच्या काही पट बिल येतं. जुनी गाडी घेताना मी हल्ली उलटं करतो. जी जरा जास्तच शांत आहे तिची आधी ऑइल बदलल्याची नोंद मागतो.

मे २०२४ मध्ये स्विफ्टसुद्धा चारवरून तीन सिलिंडरवर आली, १,१९७ सीसी. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा दरांचे आकडे बदलले. चार मीटर आणि १,२०० सीसीची रेघ २००६ ला आखली तिथेच राहिली.