वेंगुर्ला: गोव्याच्या शेजारामुळे घडलेलं बंदर

वेंगुर्ल्याला येणारे सागरेश्वरचा किनारा बघतात, बंदरावर फेरी मारतात, मासे जेवतात आणि निघतात. पण हे बंदर इथेच का वाढलं, हे कळायला दक्षिणेकडे गोव्याकडे पाहावं लागतं.

सतराव्या शतकात डचांचं वैर होतं ते गोव्यातल्या पोर्तुगीजांशी. गोव्याची नाकेबंदी करायची तर जहाजांना पाणी, शिधा आणि आसरा जवळच मिळायला हवा. आदिलशाही मुलखातलं वेंगुर्ला त्यासाठी सोयीचं होतं, म्हणून १६३७ च्या सुमारास डचांनी इथे वखार घातली. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण झाडांची मुळं त्यात खोल शिरली आहेत. कोकणातल्या इतक्या महत्त्वाच्या वास्तूची ही हेळसांड सहन होत नाही. गावात वेळ थोडा असेल तर किनारा नंतर पाहा, आधी वखार पाहा.

पुढे गावाने बरंच सोसलं. १६६४ मध्ये बंडाळीमुळे शिवाजी महाराजांच्या फौजेने ते जाळलं, १६७५ मध्ये मोगलांनी. सावंतवाडीकरांकडून १८१२ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं आणि मग बंदराला खरी बरकत आली. आंबोलीच्या घाटरस्त्याने बेळगावचा माल इथे उतरू लागला, तिथल्या लष्करी छावणीचं सामान इथून वर चढू लागलं. ही भरभराट मोडली ती रेल्वेने. १८८८ च्या सुमारास गोव्यातलं मुरगाव बंदर घाटमाथ्याशी रुळांनी जोडलं गेलं आणि देशावरचा व्यापार तिकडे वळला. ज्या गोव्याला कोंडण्यासाठी डच इथे आले, त्याच गोव्याने शेवटी वेंगुर्ल्याचा व्यापार नेला.

आसपासची ठिकाणंही याच किनाऱ्याच्या घडामोडींतली. रेडीचा यशवंतगड पोर्तुगीज आणि इंग्रज, दोघांच्याही हाती जाऊन आलेला. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. जवळच्या वेळागर किनाऱ्यावर पोहायला जाणाऱ्यांनी या मिठागरांपाशी थोडं थांबावंच. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातले बर्न्ट आयलंड्सचे खडक मात्र लांबूनच पाहावेत, तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात.

बंदराची वर्दळ ओसरली तरी गावाचं नाव दूरवर जात राहिलं, ते काजूमुळे. पोर्तुगीजांनी आणलेल्या या झाडाच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती इथल्या फळ संशोधन केंद्रातच तयार झाल्या, आणि आज कोकणातल्या असंख्य बागा त्यांच्याच कलमांवर उभ्या आहेत.