सॅफ चषक वेगळा, आशियाई पात्रता फेरी वेगळी

भारताच्या १७ वर्षांखालील पोरांनी फुटबॉलचा सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई शेजाऱ्यांची स्पर्धा, जिंकला की कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून फुलेवाडीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरायला लागतो : "भारत आशियाई विजेता, आता वर्ल्डकप!" महिन्या-दीड महिन्यात तोच संघ आशियाई पात्रता फेरीत एखादा सामना हरतो आणि तीच माणसं विचारतात, "हे तर चॅम्पियन होते, मग बाहेर कसे पडले?" लगेच कुणीतरी प्रशिक्षकाला शिव्या घालतो, कुणी पोरांना नावं ठेवतो. ज्या गावात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेलं शाळकरी पोरगंही ऑफसाइडवरून पंचाशी हुज्जत घालतं, त्या गावात हा घोळ दरवर्षी व्हावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॅफ तुम्हाला माहीत आहे, म्हणून झरझर सांगतो. सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, १९९७ सालचा. आज त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव हे सात देश आहेत. कुमारांची, म्हणजे या १७ वर्षांखालच्या पोरांची, पहिली स्पर्धा २०११ मध्ये काठमांडूत झाली आणि ती पाकिस्ताननं अंतिम सामन्यात भारताला हरवून जिंकली. पुढं २०१५ आणि २०१८ बांगलादेशनं नेलं. २०२५ पर्यंतची बाकी सगळी वर्षं आपली. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत तर अंतिम सामन्यात नेपाळला ७-० असं हरवलं होतं.

किरकोळ फरकही उरकून घेऊ. स्पर्धेच्या नावात कधी १५, कधी १६, कधी १७ वर्षांखालील असं येतं. त्यात फार डोकं घालू नका, अमुक साली किंवा त्यानंतर जन्मलेली पोरं खेळणार एवढाच त्याचा अर्थ. आशिया चषक ज्या वर्षाच्या नावानं ओळखला जातो, त्याची पात्रता फेरी आदल्या वर्षीच होऊन जाते, त्यामुळं बातमीत दोन सालं दिसली तर गोंधळू नका. आणि सॅफ दरवेळी कुठल्या तरी एकाच शहरात होते, तर पात्रता फेरी एकाच वेळी वेगवेगळ्या देशांत, गटागटानं चालते. झालं.

आता ज्याच्यामुळं सगळा घोळ होतो ते. सॅफ चषकाला वरची पायरी नाही. तो जिंकला की चषक मिळतो, पदकं मिळतात, शेजाऱ्यांत आपण पहिले ठरतो, आणि तिथं स्पर्धा संपते. त्या विजयानं आशिया चषकात जागा मिळत नाही, पात्रता फेरीत एक गुणही आधीच जमा होत नाही. वर्ल्डकपचा जिना सगळा आशियाई फुटबॉल महासंघाच्या घरातला आहे. पहिली पायरी पात्रता फेरी. ती ओलांडली की १६ संघांचा १७ वर्षांखालील आशिया चषक. तिथं उपांत्यपूर्व फेरी गाठणारे आठ संघ वर्ल्डकपला जातात, कारण २०२५ पासून कुमारांचा वर्ल्डकप ४८ संघांचा आणि दरवर्षीचा झालाय. या जिन्यात सॅफ कुठंच येत नाही, खालीही नाही आणि वरही नाही.

कोल्हापूरकराला हे कळायला अवघड जाऊ नये. के.एस.ए.ची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि पेठांतल्या तालमींनी, म्हणजे मंडळांनी, भरवलेले फुटबॉलचे चषक यांतला फरक आपण जन्मापासून बघतो. चषक जिंकला की गुलाल, मिरवणूक, पेठेत वर्षभर छाती पुढं. पण लीगमध्ये तळाला गेलात तर तो चषक दाखवून कुणी तुम्हाला वरच्या गटात ठेवून घेत नाही. सॅफ हा तो चषक आणि पात्रता फेरी ही ती लीग.

दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे वाद उरणार नाही.

३० सप्टेंबर २०२४. थिंफूत सॅफचा अंतिम सामना, भारतानं बांगलादेशला २-० असं हरवलं. आपल्याकडं जल्लोष. ऑक्टोबर संपायच्या आत हा वयोगट थायलंडमध्ये चोनबुरीला पात्रता फेरी खेळत होता. ब्रुनेईवर १३-०. तुर्कमेनिस्तानवर १-०. मग यजमान थायलंडकडून २-३ अशी हार. तीन सामने, दोन विजय, १६ गोल, आणि तरीही बाहेर, कारण गटविजेत्यांना थेट प्रवेश होता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी फक्त पहिल्या पाचांना. २०२५ चा आशिया चषक सौदी अरेबियात आपल्याविना झाला. थिंफूच्या चषकाचा तिथं काडीचा उपयोग झाला नाही, आणि व्हायचा प्रश्नच नव्हता.

२७ सप्टेंबर २०२५. कोलंबोत पुन्हा सॅफ, पुन्हा अंतिम सामन्यात बांगलादेश. २-२ बरोबरी, टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टींवरच्या फैसल्यात, भारत ४-१. नोव्हेंबरात अहमदाबादला पात्रता फेरी. पॅलेस्टाईनशी १-१, चिनी तैपेईवर ३-१, लेबनॉनकडून ०-२. शेवटचा सामना इराणशी, आणि जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. इराणनं आधी गोल केला. पहिल्या सत्रातच पेनल्टीवर बरोबरी झाली, दुसऱ्या सत्रात आपल्या पोरांनी २-१ केलं आणि शेवटपर्यंत टिकवलं. त्या विजयानं भारत २०२६ च्या आशिया चषकात गेला.

दोन्ही वर्षी सॅफ आपलंच होतं, अंतिम सामन्यात समोर बांगलादेशच होता. एका वर्षी पुढं काही नाही, दुसऱ्या वर्षी आशिया चषक. आता सांगा, कोलंबोच्या रात्री जास्त फटाके वाजायला हवे होते की अहमदाबादच्या? माझ्या लेखी अहमदाबादचा तो सामना गेल्या कित्येक वर्षांतला आपल्या कुमार संघाचा सर्वांत मोठा विजय आहे, आणि त्याबद्दल पेठेत दहा माणसांना विचारलं तर निम्म्यांना तो झाल्याचंही ठाऊक नसतं. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे.

या फरकाचा सगळ्यात लख्ख पुरावा मुलींच्या स्पर्धेत सापडतो. ८ फेब्रुवारी २०२४, ढाका, १९ वर्षांखालील मुलींचा सॅफ अंतिम सामना. भारत पुढं होता, बांगलादेशनं अगदी शेवटी बरोबरी साधली, १-१. टायब्रेकर सुरू झाला आणि थांबेचना. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा मुलींनी, गोलरक्षकांसकट, गोल मारले. ११-११. तेव्हा सामनाधिकाऱ्यांनी नाणं उडवलं, कौल भारताला गेला, आपल्या मुली नाचायला लागल्या. बांगलादेशनं हरकत घेतली, कारण नियमाप्रमाणं पेनल्टी पुढं चालू राहायला हव्या होत्या. बराच वेळ मैदानावर गोंधळ, आणि शेवटी दोघांनाही संयुक्त विजेते जाहीर केलं. चषक असा वाटून घेता आला, कारण त्या निकालावर पुढची कुठलीच जागा ठरायची नव्हती. पात्रता फेरीत एका जागेसाठी दोन संघ उभे असताना हा तोडगा निघूच शकत नाही.

प्रतिस्पर्ध्यांचा फरकही मोठा आहे, पण तो यातूनच येतो. सॅफमध्ये समोर तीच सहा घरं. पात्रता फेरीत सोडतीनं इराणही येतो, थायलंडही येतो. अफगाणिस्तानचं बघा. २०१३ ला मोठ्यांच्या सॅफमध्ये त्यांनी अंतिम सामन्यात आपल्याला २-० असं हरवलं, २०१५ मध्ये ते सॅफ सोडून मध्य आशियाई गटात गेले, आणि ज्या २०२५ च्या कुमार आशिया चषकात आपण नव्हतो तिथं ते होते.

आणखी एक गैरसमज आपल्या गावाशी जोडलेला आहे, म्हणून सांगतोच. आपला अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्डकप खेळला, याचा अभिमान मलाही तितकाच आहे. पण तो संघ सॅफ जिंकून तिथं गेला, हे साफ चूक. भारत यजमान होता, म्हणून जागा ठरलेलीच होती. खेळून जागा मिळवण्याच्या सर्वांत जवळ आपण २०१८ मध्ये होतो. तेव्हा चारच संघ वर्ल्डकपला जायचे, आणि आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियानं आपल्याला १-० असं अडवलं. एका गोलानं गेलेला तो सामना लोकांना आठवत नाही आणि सॅफचे चषक मात्र तोंडपाठ असतात.

याचा अर्थ सॅफ टाकाऊ आहे, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला बाद फेरीचं दडपण, टायब्रेकर, परक्या मैदानावरचं ओरडणारं पब्लिक हे सगळं तिथंच पहिल्यांदा भेटतं, आणि पात्रता फेरीच्या तोंडावर याहून चांगली तयारी मिळत नाही. बांगलादेशबरोबरचे सामने तर मी कधी चुकवत नाही. फक्त पाकिस्तानला हरवल्याची बातमी ठळक आणि अंतिम सामन्यातला बांगलादेश कोपऱ्यात, असं छापणं बंद व्हायला हवं. या वयोगटात गेली काही वर्षं आपला खरा कस बांगलादेशच लावतोय.

पुढच्या वेळी मजकूर पुढं ढकलण्याआधी स्पर्धा कोण भरवतंय ते बघा. सॅफ असेल तर अभिनंदन करा आणि पात्रता फेरीच्या तारखा शोधा. आशियाई महासंघाची पात्रता फेरी असेल तर आपला सामना संपला म्हणून उठू नका, गटातल्या बाकीच्या सामन्यांवरही डोळा ठेवा. आणि गुण सारखे झाले की आपल्याकडं लगेच गोलफरकाची बेरीज सुरू होते, ती करण्याआधी एक ध्यानात घ्या : गटात दोन संघांचे गुण सारखे झाले तर आशियाई महासंघ आधी त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध काय केलं ते बघतो, गोलफरक त्यानंतर.