पिवळी टॅक्सी उलटी होते तेव्हा

लास व्हेगसचा मुख्य रस्ता आणि ट्रॉपिकाना ॲव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर एक खोटं न्यूयॉर्क उभं आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग आहे, क्रायसलर बिल्डिंग आहे, ब्रुकलिनचा पूल आहे, मशाल उंचावलेली स्वातंत्र्यदेवीही आहे, आणि सगळं मूळच्यापेक्षा लहान. अमेरिकेच्या टपाल खात्याने 2010 साली काढलेल्या तिकिटावर मूळ पुतळ्याचा समजून या नकलेचाच फोटो छापला. 2018 साली न्यायालयाने ही नक्कल घडवणाऱ्या शिल्पकाराला सुमारे 35 लाख डॉलर भरपाई मंजूर केली. नकलेलाही स्वतःचा चेहरा असतो, असं न्यायालयाने एक प्रकारे मान्यच केलं म्हणा.

हे ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क’ हॉटेल 3 जानेवारी 1997 रोजी उघडलं आणि त्याच्यासोबत त्याच्या छपरांवरून, भिंतींच्या कडेने फिरणारा रोलर कोस्टरही सुरू झाला. तेव्हा त्याचं नाव होतं ‘मॅनहॅटन एक्स्प्रेस’, आता ‘बिग ॲपल कोस्टर’. बांधणारी कंपनी जपानची, टोगो. डब्यांना रूप दिलंय न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीचं. रुळांची लांबी 1,456 मीटर, सर्वांत उंच जागा 62 मीटरवर, सर्वांत मोठा उतार 44 मीटरांचा, कमाल वेग ताशी 108 किलोमीटर, आणि वाटेत टॅक्सी दोनदा उलटी होते.

या आकड्यांकडे नीट पाहिलं की पहिला प्रश्न पडतो: 62 मीटर चढवून नेल्यावर 44 मीटरच का उतरवायचं? मोकळ्या माळावरचा कोस्टर असता तर त्याने सगळी उंची एका दमात खर्च केली असती. पण इथे खाली हॉटेल आहे. रुळांना इमारतींच्या अंगाखांद्यावरून वाट काढावी लागते. त्यामुळे सर्वांत उंच शिखरावरून पहिला उतार येतो तो जेमतेम 23 मीटरांचा. मग गाडी पुन्हा वर चढते आणि त्या दुसऱ्या शिखरावरून 44 मीटरांची खरी उडी घेते.

आता शाळेतलं एक सूत्र बाहेर काढू. घर्षण आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर तळाशी आलेल्या वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. 2 × 9.8 × 44 म्हणजे साधारण 862. त्याचं वर्गमूळ सेकंदाला 29.4 मीटर, म्हणजे ताशी 106 किलोमीटर. जाहीर केलेला वेग 108 आहे. वरचे दोन किलोमीटर आले कुठून?

दुसऱ्या शिखरावर गाडी थांबलेली नसते, तिच्याकडे थोडा वेग शिल्लक असतो. किती? इथे आपली अटकळ हमखास फसते. तळाशी दोन किलोमीटर जास्त हवेत, तर शिखरावर दोनच किलोमीटरचा वेग पुरेल असं वाटतं. पण ऊर्जेच्या हिशोबात वेग वर्गाच्या रूपात बसतो. 108 चा वर्ग वजा 106 चा वर्ग म्हणजे 428, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास 21. शिखरावर ताशी 21 किलोमीटरचा वेग असेल तेव्हा कुठे तळाशी दोन किलोमीटरची भर पडते. उलट बाजूने पाहिलं तर हा 21 किलोमीटरचा वेग केवळ 1.7 मीटर उंचीच्या मोलाचा आहे. घर्षण आणि वारा यांचा वाटा काढला की प्रत्यक्षात शिखरावरचा वेग याहून थोडा जास्तच लागतो. कोस्टरला इंजिन नसतं. सुरुवातीला साखळीने वर ओढताना जी ऊर्जा दिली, तेवढीच त्याची शिदोरी, आणि आराखडा काढणारा माणूस प्रत्येक टेकाड त्या शिदोरीतून वजा करत जातो.

या समीकरणात वस्तुमान कुठेच नाही, तेव्हा भरलेली आणि रिकामी गाडी सारख्याच वेगाने धावायला हवी. धावत नाहीत. हवेचा विरोध गाडीच्या आकारावर अवलंबून असतो, आत किती माणसं बसली यावर नाही. भरलेल्या गाडीजवळ ऊर्जा जास्त असते आणि हवा तिच्यातून घेते जवळपास तेवढीच, म्हणून ती थोडी अधिक वेगाने पळते. चाचणीच्या वेळी कोस्टरच्या रिकाम्या आसनांवर पाण्याने भरलेले पुतळे बसवतात, ते याचसाठी.

चढावर जो ‘कट-कट-कट’ आवाज येतो, तो साखळीचा नसतो. गाडीच्या पोटाखाली एक खटका असतो आणि तो रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून घासत जातो. साखळी तुटली तरी खटका दातात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. चाकांचीही अशीच तजवीज असते: काही चाकं रुळाच्या वर, काही बाजूने, काही चक्क खालून. खालची चाकं हे जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याचं 1919 मधलं देणं. त्याआधी गाडीला रुळावर धरून ठेवायला मुख्यतः तिचं वजनच असे, त्यामुळे उतार बेताचे ठेवावे लागत. रूळ तिन्ही बाजूंनी पकडल्यावर टेकाडावरून गाडी उसळली तरी हरकत उरली नाही.

मग टॅक्सी उलटी होण्याचं काय? न्यूयॉर्कची नक्कल करणाऱ्या या हॉटेलला ठाऊक असो वा नसो, उलटं होण्याच्या या खेळाचं एक जुनं आणि दुखरं प्रकरण खऱ्या न्यूयॉर्कमध्येच, कोनी आयलंडला घडलं. तिथे 1884 साली लामार्कस थॉम्पसनने पाच सेंट घेऊन माणसांना ताशी जेमतेम 10 किलोमीटरने टेकाडांवरून फिरवलं आणि लोक खूश झाले. अकरा वर्षांनी तिथेच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा लूप, म्हणजे गाडीला उलटं करून पूर्ण फिरवणारा उभा फेरा, आला. तो अगदी गोल होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत.

दोष होता त्या गोलपणाचा. वर्तुळाकार लूपमध्ये सर्वांत वरच्या बिंदूला आसनाचा दाब शून्य असेल इतका कमी वेग ठेवला, तरी तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. गंमत म्हणजे या सहापटीत वर्तुळाच्या त्रिज्येचा काहीच संबंध नाही. लूप मोठा केला की उंची वाढते, उंची वाढली की लागणारा वेग वाढतो, आणि आपण पुन्हा सहावरच. आकार कितीही वाढवा, सुटका नाही. सुटका आहे ती घडण बदलण्यात. तळाशी वळण सैल ठेवायचं आणि वर, जिथे गाडी आपसूक मंदावते, तिथे ते घट्ट करत न्यायचं. त्यातून उलट्या थेंबासारखा लूप तयार होतो. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन बागेतल्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याने हा आकार आणला आणि आजचे लूप बहुतांशी त्याच वळणाचे असतात. व्हेगसच्या टॅक्सीला हे ज्ञान आयतंच मिळालं.

नीट बांधलेल्या लूपमध्ये डोकं खाली असतानाही माणूस आसनात दाबलेला राहतो. आंतरकर्णात चुन्याच्या बारीक कणांची एक यंत्रणा असते. ते कण ज्या दिशेला रेटले जातात ती दिशा मेंदू ‘खाली’ समजतो. गुरुत्वाने रेटलं की वळणाने, हा फरक त्यांना कळत नाही. लूपच्या माथ्यावर ते बिनधास्त सांगतात की खाली म्हणजे आसनाकडे. डोळे सांगतात की आकाश पायाशी आहे. दोघांच्या भांडणात बरेचदा कान जिंकतो, म्हणून उलटं झालो हे नंतर आठवून पटवून घ्यावं लागतं.

या कोस्टरची दुसरी कोलांटी मात्र वेगळी आहे. तिथे गाडी आधी स्वतःच्या अक्षाभोवती अर्धी पिळली जाते, उताणी होते, आणि मग त्याच स्थितीतून खाली सूर मारते. पिळण्याचा अक्ष रुळातून न जाता बसलेल्या माणसाच्या छातीजवळून जावा अशी रचना असते. छाती जागेवर राहते आणि रूळ तिच्याभोवती फिरतो. अक्ष रुळातच ठेवला असता तर डोकं मोठ्या कमानीतून भिरकावलं गेलं असतं. पण या पिळण्यात लूपसारखं दाबून धरणारं वळण नाही आणि वेगही मंदावलेला असतो. त्यामुळे माणूस खांद्यावरच्या दांड्याला खरोखर लोंबकळतो. खिशातली नाणी पडतात ती लूपमध्ये नाही, इथे. दोन्हीकडे डोकं खालीच असतं, तरी शरीराचा अनुभव अगदी उलटा.

शरीराला मुळात वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. उतारावर पोटात गोळा येतो तो वेगामुळे नव्हे. एरवी आतडी, जठर, यकृत एकमेकांवर टेकून असतात. गाडी आणि माणूस एकाच त्वरणाने खाली येऊ लागले की हे टेकणं संपतं आणि तो आधार सुटल्याची खबर मेंदूला पोचते. त्याहून बोचरा असतो त्वरणातला बदल, म्हणजे हिसका. पाचपट भार हळूहळू चढला तर सोसतो, दीडपट भार अचानक बाजूने आला तर कानशील दांड्यावर आपटतं. बिग ॲपल कोस्टरची ख्याती काही मऊ प्रवासासाठी नाही. शौकिनांची तक्रार असते ती याच बारीक हिसक्यांची, उंचीची किंवा वेगाची नव्हे.

मग ताशी 108 हे जाणवतं कशाने? इथे ते खोटं शहर कामाला येतं, आणि मला या कोस्टरमधली हीच गोष्ट सर्वांत आवडते. एसटीच्या खिडकीतून पाहताना कडेची झाडं सपासप मागे जातात आणि दूरचा डोंगर मात्र सोबत चालत राहतो. वस्तू डोळ्यांसमोरून किती अंशांनी सरकते हे वेगाला अंतराने भागून मिळतं. सेकंदाला 30 मीटर वेगाने जाताना 20 किलोमीटरवरचा डोंगर सेकंदाला अंशाच्या दहाव्या भागाइतकाही सरकत नाही. तेच एखादी भिंत तीन मीटरवर असली, तर ती सेकंदाला सुमारे 570 अंशांच्या दराने निघून जाते. लास व्हेगस सपाट वाळवंटात वसलंय, डोंगर आहेत ते क्षितिजावर. उघड्या वाळवंटात हाच कोस्टर बांधला असता, तर आकडे तेच राहिले असते आणि निम्मा थरार वाऱ्यावर गेला असता.

इमारतींच्या छोट्या आकाराचाही यात हात असू शकतो. अर्ध्या मापाची इमारत जर डोळ्याने पूर्ण मापाची मानली, तर तिचं अंतरही तो दुप्पट धरणार. दुप्पट अंतरावरची इमारत तेवढ्याच झपाट्याने मागे पडली, तर आपला वेगही दुप्पट असला पाहिजे, असा हिशोब निघतो. भूमितीपुरतं तरी हे चोख आहे.

भिंती आणि तुळया डोक्याला लागतील असं वाटतं, पण ती भीती आखलेली असते. हात-पाय पूर्ण ताणलेल्या उंच माणसाचा आवाका धरून रुळाभोवती एक रिकामा बोगदा राखतात आणि त्यात काहीही येऊ देत नाहीत. हात आखडून घ्यायची इच्छा तरीही होतेच. मेंदूला आवाक्याचा नकाशा कोणी दाखवलेला नसतो.

वाळवंटाचा आणखी एक हिशोब सांगण्यासारखा आहे. उन्हाळ्यात तिथे पारा 40 अंशांच्या वर सहज जातो आणि हिवाळ्याच्या रात्री शून्याजवळ येतो. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे मीटरच्या सुमारे 12 दशलक्षांश भागाने वाढतं. 1,456 मीटरांचे रूळ एका रेषेत सरळ ठेवले, तर 40 अंशांच्या फरकाने त्यांची लांबी जवळपास 70 सेंटिमीटरनी बदलेल. कोस्टरचे रूळ मुळात वाकडेतिकडे असल्याने ही वाढ वळणं थोडी फुगून पचवतात. गाडीच्या वेगावरही हवामानाचा परिणाम होतो: थंडीत चाकांच्या धुऱ्यांतलं ग्रीस घट्ट असतं, म्हणून सकाळच्या पहिल्या फेऱ्या जरा आळसावलेल्या असतात.

बसावं कुठे, यावर कोस्टरवेड्यांत कायम वाद असतो. भौतिकशास्त्राचं उत्तर सरळ आहे. सगळे डबे एकमेकांना जोडलेले असल्याने कुठल्याही क्षणी सगळ्या गाडीचा वेग एकच. पण त्या क्षणी प्रत्येक डबा वेगळ्या जागी असतो. पहिला डबा शिखर ओलांडतो तेव्हा गाडीचा बराचसा भाग अजून चढावर असतो, म्हणून तो उताराच्या तोंडाशी रेंगाळतो. शेवटचा डबा शिखरावर येईपर्यंत पुढचे डबे उताराला लागून वेग घेत असतात, आणि तो शिखरावरून अक्षरशः ओढून नेला जातो. आसनातून उचललं जाण्याची मजा मागे जास्त. पुढे मजा असते ती डोळ्यांची, कारण समोर कोणाचं डोकं नसतं आणि अंगावर येणारं सगळं शहर आपलंच. खोपोलीजवळच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’लाही हेच लागू आहे, फक्त तिथे पायाखाली फळी नसल्याने पुढच्या ओळीचं पारडं आणखी जड होतं. व्हेगसमध्ये मात्र मी पुढची ओळ म्हणेन. इमारतींचे पैसे तिकिटात धरलेलेच आहेत.

मागच्या ओळीच्या बाजूने एक वैद्यकीय पुरावाही आहे. मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ डेव्हिड वार्टिंगर यांच्या रुग्णांनी सांगितलं की फ्लोरिडाच्या डिस्नेतल्या ‘बिग थंडर माउंटन’ कोस्टरवर बसल्यावर त्यांचे मूतखडे पडले. वार्टिंगर यांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती करून घेतली, त्यात खरे खडे आणि मूत्र भरलं, ती पिशवीत घातली आणि बागेच्या परवानगीने तिला वारंवार कोस्टरची सैर घडवली. पुढच्या आसनांवर सुमारे 17 टक्के खडे सरकले, मागच्या आसनांवर सुमारे 64 टक्के. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला आणि 2018 साली त्याला इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. व्हेगसच्या टॅक्सीत अशी पिशवी अजून कोणी बसवलेली माझ्या तरी वाचनात नाही.