मधुमेहातील रक्तपेशी व रक्तमेदांचे बदल

मधुमेह हा साखरेचा विकार म्हणून ओळखला जातो. पण वाढलेल्या ग्लुकोजचा आणि अपुऱ्या पडणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम रक्तातील सर्व प्रकारच्या पेशींवर व मेदांवर होतो. मधुमेह्यांना हृदयविकार, पक्षाघात आणि न भरणाऱ्या जखमा यांचा धोका अधिक असतो, त्यामागे या बदलांचा मोठा वाटा आहे.

तांबड्या पेशी : तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात ग्लुकोज तिच्यातील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्के बसले की सुटत नाही. मधुमेह्यांमधील हे वेगळे हिमोग्लोबिन इराणी शास्त्रज्ञ सॅम्युएल राहबर यांनी १९६८ मध्ये नोंदवले. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती एचबीएवनसी तपासणी त्यावरच उभी आहे. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेह दर्शवतो.

हा आकडा साखरेइतकाच पेशीच्या वयावर अवलंबून असतो, याकडे फार दुर्लक्ष होते. शरीरात लोह कमी असेल, तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की हे विसरून चालणार नाही. उलट रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी अकाली फुटत असतील, तर तो कमी दिसतो आणि रोग झाकला जातो. सिकलसेल या आनुवंशिक आजारात (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात) असेच होते. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा रुग्णांची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहणेच योग्य.

मूत्रपिंडे बिघडू लागली की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते आणि तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते, शाकाहाऱ्यांत ही शक्यता जास्त. पायांना मुंग्या येतात त्या नेहमी साखरेमुळेच असतात असे नाही. बी-१२ तपासून घ्यावे.

पांढऱ्या पेशी व प्लेटलेट : पांढऱ्या पेशींची संख्या पुरेशी असूनही साखर वाढलेली असताना त्या जंतूंपर्यंत पोचण्यात आणि त्यांना गिळण्यात कमी पडतात. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (‘काळी बुरशी’ या संसर्गाचे) जे रुग्ण आढळले, त्यांत मधुमेह्यांचे प्रमाण मोठे होते. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, अधिक चिकट व आकाराने काहीशा मोठ्या होतात, त्यामुळे रक्ताची गुठळी लवकर धरते.

रक्तमेद : टाइप २ मधुमेहात (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तो प्रकार) ट्रायग्लिसराइड हा मेद वाढलेला आणि एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटलेले अशी जोडी सहसा दिसते. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या चरबीतून मेदाम्ले सुटतात, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडते. हे कण इतर कणांशी मेदांची देवाणघेवाण करतात. त्यात एचडीएल लवकर नष्ट होते आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व घट्ट होतात. असे कण धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. म्हणून ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ हे वाक्य मधुमेह्याला खोटा दिलासा देऊ शकते : एलडीएलचा आकडा तोच राहून कणांची संख्या वाढलेली असू शकते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा येथे अधिक उपयोगी ठरतो. टाइप १ मध्ये (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही तो प्रकार) साखर आटोक्यात असेल, तर हे मेद बहुधा ठीक राहतात.

अंगाने बारीक माणसातही हे चित्र दिसते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की भारतीयांच्या शरीरात वजनाच्या मानाने चरबी जास्त असते. वजनाच्या काट्यावर विसंबून तपासणी टाळू नये.

उपचार : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ या चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या टाइप २ रुग्णांना रोज १० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातील औषध) दिल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. त्यामुळे चाळिशीनंतर बहुतेक मधुमेह्यांना स्टॅटिन सुचवले जाते. ट्रायग्लिसराइड मात्र साखर आटोक्यात आली आणि मद्य बंद झाले की पुष्कळदा आपोआप उतरते. ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे असेल, तर सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा ग्राह्य नसतो, तो थेट मोजावा लागतो. हजाराच्या पुढे रक्तद्रव दुधासारखा गढूळ दिसू लागतो, त्यामुळे हिमोग्लोबिनही खोटे जास्त येऊ शकते. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्याने तेव्हा तातडीने उपचार करावे लागतात.