माटुंगा : उडुपी उपाहारगृहे

मुंबईत मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकापासून पूर्वेस किंग्ज सर्कलपर्यंत (सध्याचे महेश्वरी उद्यान) पसरलेली दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृहे, तसेच सोबत्याला घेऊन दिवसभरात त्यांपैकी तीन-चार ठिकाणी थोडेथोडे खात हिंडण्याची मुंबईकरांची रीत. सगळी ठिकाणे पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत येतात.

‘माटुंगा’ हे नाव ‘मातंग’ म्हणजे हत्ती या संस्कृत शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. माहीमला राजधानी करणाऱ्या भीमदेवाची (बिंबदेवाची) गजशाळा येथे होती, अशी आख्यायिका आहे. हा राजा देवगिरीच्या यादवांपैकी की गुजरातेतील अणहिलवाड्याचा, याविषयी मतभेद आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ या चर्चेत वारंवार पुढे येते. पण बखरीचे थर वेगवेगळ्या काळांतील असल्याने तिच्यावरून काळ ठरवताना जपून राहावे लागते. बिंबाचे आगमन बहुधा तेराव्या शतकाच्या अखेरचे असावे. गजशाळेची कथा नावावरून मागाहून रचली गेली असणे अशक्य नाही.

आजची वस्ती मात्र प्लेगनंतरची. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागाची आखणी केली. रा. गो. भांडारकर, का. त्र्यं. तेलंग, भाऊ दाजी लाड या विद्वानांची नावे तेथील रस्त्यांना मिळाली. आज ती डोसा कुठे चांगला मिळतो हे सांगताना अधिक उच्चारली जातात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात कारकून, टंकलेखक, हिशेबनीस अशा नोकऱ्यांसाठी आलेले दाक्षिणात्य येथे स्थिरावले. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९३२ ची आहे.

उडुपी उपाहारगृहाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ उडुपीच्या कृष्णमठाच्या पाकशाळेत आहे. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेतील आठ मठ आळीपाळीने पूजेचा अधिकार (पर्याय) सांभाळतात. तेथील अन्नदानातून शिवळ्ळी (उडुपी भागातील तुळू भाषक) ब्राह्मण आचारी तयार झाले आणि कांदा-लसणाविना रांधण्याचे त्यांचे कसब शहरांत पोहोचले, असे हे मत मानते. चातुर्मासात क्रमाने भाज्या, दही, दूध आणि द्विदल धान्ये वर्ज्य करण्याच्या व्रतामुळे मोजक्या जिनसांतून नाना पदार्थ करण्याची सवय लागली, हा त्याला दिला जाणारा आधार विचारात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या मतानुसार मठाने चव आणि नाव दिले, पण संस्था शहराने घडवली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील शेतीची ओढाताण (येथे १९२३ च्या पुराकडेही बोट दाखवले जाते) आणि मुंबई-मद्रासेत एकट्याने राहणारा नोकरदार, या दोहोंतून खानावळ निघाली व खानावळीचे पुढे हॉटेल झाले. माटुंग्यापुरते दुसरे मत अधिक पटते. एक तर या धंद्यात शिवळ्ळींखेरीज नायक, कामत अशा आडनावांचे कोंकणी भाषक गौड सारस्वत आणि पुढे बंट समाजाचे लोकही आहेत. पोर्तुगीज काळात गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या सारस्वतांची परंपरा मठाच्या पाकशाळेतून सांगता येत नाही. दुसरे, ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेल्या भोजनगृहाचे नावच ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ आहे. देव उडुपीचा, पण पाटीवरचा ‘बोर्डिंग’ हा शब्द बिऱ्हाडाबाहेर जेवणाऱ्या माणसासाठी आहे.

पदार्थांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा. दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ येते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त (सु. ११३०) ‘इड्डरिका’ आहे, पण ती केवळ उडदाची, तिच्यात तांदूळ नाही. तांदूळ, आंबवणे आणि वाफवणे या तिन्ही गोष्टी नंतर, कदाचित इंडोनेशियाच्या संपर्कातून आल्या, असे खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी सुचवले होते. ती अटकळ म्हणूनच घ्यावी.

सांबार तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले, ही कथा मराठी वाचकांना विशेष प्रिय आहे. आमटीसाठी आमसूल मिळाले नाही म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून पदार्थाला नाव पडले, असे ती सांगते. आमटी रांधणारा कधी तंजावरचा राजा शहाजी (कार. १६८४–१७१२) असतो, कधी स्वतः संभाजी महाराज, समकालीन कागद मात्र कोणी पुढे करत नाही. संस्कृत ‘संभार’ म्हणजे जिन्नसांचा साठा. जुन्या मराठीत सांबारे म्हणजे मसाला, वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, तर मल्याळम् ‘संभारम्’ म्हणजे मसाल्याचे ताक. शब्दाचा एवढा विस्तार पाहता व्यक्तिनामाची गरज उरत नाही. आमटीत चिंच घालण्याची पद्धत तंजावरच्या मराठ्यांकडून गेली असावी काय, हा प्रश्न निराळा. उडुपी सांबारात गूळ व नारळ असल्याने ते तमिळ सांबारापेक्षा गोडसर लागते.

खानावळीचे मूळ खाद्यफेरीच्या क्रमातही दिसते, कारण येथील पाकशाळा अजून नोकरदाराच्या घड्याळावर चालते. सकाळ राम आश्रयात (१९३९) : इडली, उपमा आणि रोज बदलत्या फळाचा शिरा. दुपारी रामा नायकांकडे कूपन घेऊन केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक. तिसऱ्या प्रहरी शेगड्या मंदावतात. संध्याकाळी भाऊ दाजी मार्गावरील कॅफे मद्रासमध्ये (१९४०) रसम वडा किंवा रागी डोसा, मग दवरा-टंबलरमधली (धातूची वाटी व पेला) कापी, म्हणजे कॉफी. दोघांनी फिरण्यात सोय आहे : एक डोसा वाटून घेतला की पोटात पुढच्या ठिकाणासाठी जागा उरते. गर्दीच्या वेळी टेबलावर अनोळखी माणसे समोर बसतात आणि बोलता बोलता त्यांचीही शिफारस कानावर पडते. भरल्या पोटी निघताना म्हैसूर कन्सर्न्सकडून कॉफीची ताजी पूड दळून घेतात. चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजक्या मुळाची पूड) किती घालायची हे गिऱ्हाइकाने सांगायचे असते.

१९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यानंतरच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनात मुंबईतील उडुपी हॉटेले लक्ष्य झाली. त्याच काळात मराठी घरांत रविवारच्या न्याहारीला इडली रुळली होती.

रामा नायक आणि कॅफे मद्रास सोमवारी बंद असतात.