गळ टाकणाऱ्यांसाठी पोलराइज्ड चष्मा : खरेदीपूर्वी वाचावी अशी माहिती

रविवारी कोलशेत, गायमुख, वाशी किंवा दिवाळ्याच्या किनाऱ्यावर, आणि सवड असली तर थेट उरण-करंजापर्यंत गळ घेऊन जाणारे बरेच ग्राहक आमच्या ठाण्यातील दुकानात येतात. त्यांतील बहुतेकांची पहिली मागणी "सगळ्यात काळा गॉगल दाखवा" अशी असते. ही मागणी समजण्यासारखी असली तरी तिच्यामुळेच चुकीची खरेदी होते, कारण लेन्सचा गडदपणा, तिची पोलराइज्ड असण्याची क्षमता (म्हणजे पाण्यावरची चमक अडवण्याचा गुण) आणि अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही.

पाण्यावरची चमक कशी कापली जाते

सूर्याचा किंवा आकाशाचा प्रकाश पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होतो तेव्हा त्याची कंपने मुख्यत्वे आडव्या दिशेची उरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मालुस यांना परावर्तित प्रकाशाचा हा गुण १८०८ साली दिसला आणि तो नेमक्या कोणत्या कोनात सर्वाधिक असतो याचा नियम ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडला. पोलराइज्ड लेन्समध्ये एका दिशेने ताणलेली प्लास्टिकची पातळ फिल्म असते. ती आडवी कंपने अडवते आणि उभी जाऊ देते, त्यामुळे पाण्यावरचा लखलखाट जातो आणि पाण्याखालून येणारा मंद प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

पाण्याच्या बाबतीत हा कोन पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांचा आहे. या आकड्याचा गळ टाकणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोग होतो, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो. पाण्याच्या पातळीलाच उभे राहिलात आणि डोळे सुमारे १.६ मीटर उंचीवर असतील तर चष्म्याचा सर्वांत जास्त परिणाम आपल्यापुढे जेमतेम २ मीटर अंतरावर दिसेल. जेट्टीवर, भरतीचे पाणी पायांखाली १ मीटरवर असताना हेच अंतर साधारण साडेतीन मीटर होते, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी ४ मीटर खाली गेले की सात-साडेसात मीटरपर्यंत वाढते. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडेही चमक कमी होतेच, परंतु नजर जितकी दूर आणि तिरपी जाईल तितका परिणाम ओसरतो. त्यामुळे दूरवर फेकलेल्या गळाभोवतीचे पाणी स्वच्छ दिसत नाही म्हणून चष्म्याला दोष देण्यात अर्थ नाही. शक्य असेल तेव्हा उंच जागी उभे राहावे.

सूर्याचेही तसेच आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असण्याची वेळ मे महिन्यात सकाळी नऊच्या आणि दुपारी सव्वाचारच्या सुमारास येते, तर डिसेंबरात ती सकाळी साडेदहाच्या आणि दुपारी पावणेतीनच्या जवळपास सरकते. अगदी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला पाण्यावर पसरणारा सोनेरी पट्टा कोणत्याही पोलराइज्ड चष्म्याने पुरता जात नाही. "संध्याकाळी काहीच फरक पडला नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा चष्मा बहुतेक वेळा चांगलाच असतो.

आपल्या खाडीकडून काय अपेक्षा ठेवावी

येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलतो. जाहिरातींत निळ्याशार पाण्यात तळाचा मासा दिसतो, कारण ते पाणी नितळ असते. ठाण्याच्या खाडीत गाळ तरंगत असतो आणि पोलराइज्ड लेन्स पृष्ठभागावरची चमक काढते, पाण्यातला गाळ नाही. त्यामुळे चष्मा लावून खाडीत खोलवरचा जिताडा दिसेल अशी आशा धरून कोणी पैसे खर्च करू नयेत.

मग खाडीवर त्याचा उपयोग काय, तर तिवरांच्या कडेला पाण्यात बुडालेल्या मुळ्या, पाण्याखाली जेमतेम वीतभर असलेला कालवांचा खडक, वरवर फिरणारा बोयांचा थवा, प्रवाहात तिरपी झालेली तंगुसाची (गळाच्या नायलॉन दोरीची) रेघ आणि तिला बसलेला बारीकसा झटका या गोष्टी वेळीच दिसतात. गळ अडकण्याचे प्रमाण कमी होते, ओहोटीला निसरड्या दगडावर पाऊल कोठे टाकावे हे कळते आणि चार-पाच तास लखलखत्या पाण्याकडे बघूनही डोळे शिणत नाहीत. उरण-अलिबागकडच्या खडकांवर पावसाळ्यानंतर पाणी निवळते तेव्हा, किंवा कर्जतकडच्या खासगी तळ्यांवर, पाण्याच्या आतलेही बरेच दिसू लागते आणि तेथे चांगल्या लेन्सची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते.

पाण्यातला मासा दिसला तरी तो असतो त्यापेक्षा वर दिसतो, कारण प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो. सरळ खाली पाहताना चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. हा फरक कोणताही चष्मा दुरुस्त करत नाही.

रंग आणि गडदपणा

रंगाच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. खाडी, खाजण, तलाव आणि किनाऱ्यालगतचे उथळ पाणी यांसाठी तपकिरी किंवा तांबूस लेन्स घ्यावी. ती निळसर प्रकाश कमी करते, त्यामुळे हिरवट-मातकट पाण्यात खडक, शेवाळ आणि सावली यांच्या कडा वेगळ्या उठून दिसतात. करड्या लेन्समध्ये रंग जसेच्या तसे दिसतात आणि भर दुपारी बोटीतून खुल्या समुद्रात जाणाऱ्यांना ती सुखाची वाटते, मात्र गढूळ पाण्यात ती सपाट चित्र दाखवते. पिवळी किंवा फिकट केशरी लेन्स पहाटेसाठी आणि पावसाळी ढगाळ दिवसांसाठी उत्तम आहे, पण मे महिन्याच्या दुपारी ती पुरेशी पडत नाही. एकच चष्मा घ्यायचा असेल तर आम्ही तांबूसच सुचवतो.

वर दिसणारा निळा किंवा हिरवा आरसा हा बाहेरचा मुलामा आहे. तो प्रकाश आणखी थोडा कमी करतो, परंतु आतून दिसणारे चित्र मूळ लेन्सच्या रंगावर ठरते. म्हणून आरशाचा रंग पाहून चष्मा उचलू नये. लेन्स आतल्या बाजूने पांढऱ्या कागदावर धरून पाहावी.

गडदपणा आंतरराष्ट्रीय मानकानुसार ० ते ४ अशा वर्गांत मोजला जातो. वर्ग २ ची लेन्स १८ ते ४३ टक्के प्रकाश आत सोडते, वर्ग ३ ची ८ ते १८ टक्के आणि वर्ग ४ ची केवळ ३ ते ८ टक्के. आपल्याकडील उन्हासाठी वर्ग ३ पुरेसा आहे, आणि सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्यांना वर्ग २ अधिक उपयोगी पडतो. वर्ग ४ लावून वाहन चालवू नये, असे मानकच सांगते.

अतिनील संरक्षणाची खात्री मात्र वेगळी करून घ्यावी. लेन्सवर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले असणे म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात असा दावा आहे. दुकानात यूव्ही मीटर असेल तर तो दावा मिनिटभरात तपासता येतो आणि आमच्याकडे ही तपासणी आम्ही ग्राहकासमोर करतो, मग चष्मा कोठूनही घेतलेला असो. संरक्षण नसलेली गडद लेन्स साध्या पारदर्शक काचेपेक्षा वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला जागा मिळते.

खरे-खोटे कसे ओळखावे

चष्म्यावरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवण्याची गरज नाही. खात्रीचा दुसरा पोलराइज्ड चष्मा घ्यावा, दोन्हींच्या लेन्स एकमेकींपुढे धराव्यात आणि एक चष्मा हळूहळू ९० अंशांत फिरवावा. दोन्ही खरे असतील तर मधली जागा जवळजवळ काळी होते, एक खोटा असेल तर नुसती गडद राहते. साध्या कॅल्क्युलेटरचा किंवा डिजिटल घड्याळाचा पडदाही चालतो. लेन्ससमोर तो फिरवला की एका स्थितीत आकडे आणि पार्श्वभूमी एकजात काळी होतात. मोबाइलवर ही चाचणी करू नये, कारण काही फोनचे पडदे कोणत्याही दिशेने काळे पडत नाहीत.

याहून सूक्ष्म दोष फिल्म कललेली असण्याचा आहे आणि स्वस्त चष्म्यांत तो वारंवार आढळतो. चष्मा लावून दुकानाबाहेर यावे, उन्हात चमकणारी ओली फरशी किंवा गाडीचे बॉनेट पाहावे, एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहावे आणि मान हळूच डावीकडे व उजवीकडे कलवावी. मान सरळ असताना चमक सर्वांत कमी असली पाहिजे आणि दोन्ही डोळ्यांना ती सारखीच दिसली पाहिजे. फिल्म ३० अंश कललेली असेल तर अडवायच्या चमकेचा चौथा हिस्सा डोळ्यांत परत येतो. एका डोळ्याला कमी व दुसऱ्याला जास्त चमक असा चष्मा तासाभरात डोके दुखवतो, आणि ग्राहक मात्र उन्हाला दोष देतो.

लेन्सचा पदार्थ आणि फ्रेम

शिशाचा तुकडा लावलेला गळ झटक्याने सुटून तोंडाकडे येतो, ही नुसती कल्पना नाही. त्यामुळे गळासाठी पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची लेन्स घ्यावी असा आमचा आग्रह असतो. ती आघात सोसते आणि हलकी असते, मात्र तिच्यावर ओरखडे लवकर उठतात, म्हणून कठीण मुलामा हवाच. खरी काच सर्वांत स्वच्छ दिसते आणि सहसा ओरखडत नाही, परंतु ती जड असते आणि फुटू शकते. बाजारातील स्वस्त चष्म्यांत बहुधा टीएसी नावाच्या पातळ थरांची लेन्स असते. सुरुवातीला ती छान दिसते, पण बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापली की कडेने थर सुटू लागतात आणि बुडबुडे दिसतात.

लेन्सच्या आतल्या बाजूला परावर्तनरोधक मुलामा असल्यास पाठीमागून येणारे ऊन लेन्सवर आपटून डोळ्यांत येत नाही. खाडीकडे तोंड करून सकाळी पश्चिमेला पाहणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो.

फ्रेम गालापर्यंत वळणारी असावी, कारण बाजूने शिरणारा प्रकाश सगळा फायदा घालवतो. नायलॉनसारख्या लवचिक पदार्थाची फ्रेम खाऱ्या हवेत टिकते. धातूच्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या काही महिन्यांत गंजतात. घामाने घसरू नये म्हणून नाकावर रबराच्या गाद्या आणि मागे दोरी असणे आवश्यक आहे. खाडीत पडलेला चष्मा परत मिळत नाही.

नंबर असणाऱ्यांसाठी

नंबरच्या पोलराइज्ड लेन्स सहज बनवता येतात. मात्र उणे किंवा अधिक ४ च्या पुढील नंबरासाठी फार वळलेली फ्रेम आम्ही टाळतो, कारण कडेला चित्र वाकडे दिसते. चाळिशी ओलांडलेल्यांना तंगुसाची गाठ मारण्यासाठी जवळचा नंबर लागतो. दूरचा व जवळचा नंबर एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह लेन्समध्ये तो खालच्या भागात असतो आणि खडकावर उतरताना नेमके पाऊलच धूसर दिसते. त्यामुळे खडकांवर जाणाऱ्यांना आम्ही फक्त दूरचा नंबर आणि गळ्यात अडकवलेला वाचायचा साधा चष्मा असे सुचवतो, आणि जेट्टीवर किंवा बोटीत बसून गळ टाकणाऱ्यांना प्रोग्रेसिव्ह. कमी खर्चात भागवायचे असेल तर नंबरच्या चष्म्यावर चढणारा मोठा पोलराइज्ड चष्माही मिळतो. तो दिसायला बोजड असला तरी काम चोख करतो.

काही मर्यादा

बोटीवरील फिशफाइंडरचा (मासे शोधणाऱ्या यंत्राचा) किंवा गाडीतील नकाशाचा पडदा काही कोनांत काळा दिसू शकतो. तो चष्म्याचा दोष नाही, मान किंचित कलवून पाहावे. परतीच्या वाटेवर दुचाकीस्वारांनी मात्र जपावे, कारण रस्त्यावरच्या ओलाव्याची आणि सांडलेल्या तेलाची चमकही हा चष्मा झाकतो. दिवे लागणीनंतर तो काढून ठेवावा.

घरी आल्यावर चष्मा प्रथम गोड्या पाण्याखाली धरावा, म्हणजे वाळलेल्या मिठाचे खडे निघून जातील, आणि त्यानंतरच मऊ कापडाने पुसावा. सदऱ्याच्या टोकाने कोरडी लेन्स पुसणे टाळावे. लेन्स बदलायची असल्यास जुनी फ्रेम व नंबरचा कागद सोबत आणावा, आणि आपण मुख्यतः कोठे व किती वाजता गळ टाकता हे सांगावे.