अठराव्या वर्षी खाकी, पण डोकं तापल्यावर काय?

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला 18 वर्षं पूर्ण लागतात. लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षक व्हायचं तर 19 आणि पदवी, भारतीय पोलीस सेवेला 21. अमेरिकेतल्या अनेक शहरांत साध्या शिपायालाही 21 ची अट असते.

भरतीत तपासलं काय जातं? मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. मग 100 गुणांचा, 90 मिनिटांचा पेपर. या दोन्हींत अठरा-एकोणिसाव्या वर्षीची पोरं कुठेच कमी पडत नाहीत. शांत बसून विचार करण्याची कुवत सोळाव्या वर्षाच्या आसपासच प्रौढांच्या जवळ पोहोचलेली असते. वेळ लागतो तो संतापात किंवा भीतीत स्वतःला आवरायला, आणि त्यासाठी भरतीत एकही गुण नाही.

हे आवरण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. तिथल्या नको त्या जोडण्या छाटल्या जाणं आणि चेतातंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण चढणं विशी ओलांडली तरी चालूच असतं. मेंदूतला धोका टिपणारा भाग, अमिग्डाला, मात्र आधीपासून जोरात असतो. पंचविसाव्या वर्षी मेंदू ‘पूर्ण’ होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण तशी कुठली रेघ नाही. माणसागणिक बराच फरक असतो.

मानसशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे नेमका लागू पडतो. पडद्यावर चेहरे दाखवले जात. ठरलेला भाव दिसला की कळ दाबायची, दुसरा दिसला की हात आवरायचा. अधूनमधून ‘आता कधीही कर्कश आवाज होईल’ अशी धास्ती घातली जाई. त्या धास्तीत 18 ते 21 वयाच्यांना हात आवरणं 21 च्या पुढच्यांपेक्षा जड गेलं.

आता बंदोबस्त बघा. समोरून शिव्या, मग दगड. छाती धडधडते, नजर समोरच्या एकाच माणसावर खिळते, शेजारून दिलेला हुकूम कानावर पडूनही पोहोचत नाही. पायांवर मारायची लाठी डोक्यात बसते ती अशा वेळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 नुसार जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी देतो. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. ही तरतूद अगदी योग्य आहे, कारण निर्णय एकट्या शिपायाच्या डोक्यावर पडत नाही. रात्रीच्या नाकाबंदीला दोघेच उभे असले की मात्र हे कवच उरत नाही.

म्हणून सराव दमलेल्या अंगाने व्हायला हवा. आधी 400 मीटर पळवा, मग लगेच शिवीगाळ करणाऱ्या माणसाचा प्रसंग उभा करा: दोन पावलं मागे, श्वास लांब सोडणं, सूचना मोठ्याने देणं, मगच हात. हे एकदा वर्गात सांगून जमत नाही. अंगवळणी पडेपर्यंत घोटावं लागतं. झोपही सांभाळायला हवी. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ सर्वांत उशिरा धावतं, त्यामुळे रात्रपाळीनंतर लगेच पहाटेची हजेरी या वयाला फार महागात पडते.

किमान वय सरसकट 21 करू नये असं आमचं मत आहे. बारावीनंतर तीन वर्षं थांबणं शेतकऱ्याच्या पोराला परवडत नाही. भरती अठराव्या वर्षीच व्हावी. पण पहिली काही वर्षं नाकाबंदीला जोडीला मुरलेला हवालदार असावा, आणि हत्यार हाती देण्याआधी वरच्यासारख्या सरावात तो शिपाई तपासला जावा.